घारापुरीचा हत्ती

संग्रहालयातून आल्यावर आपली चित्रं फिकी वाटतात, असं कुणी कुणी म्हणतं. माझं उलट होतं, कधी एकदा ब्रश हातात घेतो असं होतं! इतकी वर्षं नुसते समुद्र आणि होड्याच रंगवल्या. मग भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो. इमारत १८७२ची, आत बघण्यासारखं खूप. पण मी अडकलो बाहेरच्या दगडी हत्तीपाशी. हा मूळचा घारापुरी बेटावरचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. दगड म्हणून सरळ पेन्स ग्रे हा निळसर करडा रंग फासला, तर हत्तीने रेनकोट घातलाय असं वाटायला लागलं. तिसऱ्या खेपेला तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनात गडद निळा अल्ट्रामरीन मिसळला, तेव्हा कुठे दगड दिसला. पोटाखालच्या सावलीत झाडांचा हिरवा उतरतो, हे फोटोवरून मला कळलंच नसतं. होड्या सध्या किनाऱ्याला.