मदत हवी आहे: आईसाठी न काचणारी सुती निकर

मैत्रिणींनो, माझी आई दिवसभर मांडी घालून विड्या वळते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर, त्यात डोक्यावर पत्रा. जांघेत इलॅस्टिकच्या रेषेवर पुरळ आणि खाज. डॉक्टरांनी मलम दिलंय. घामाची ओल कोंडली की बुरशी वाढते, म्हणून नायलॉन बंद करून सुती, सैल वापरायला सांगितलंय.

अडचण मापाची आहे. पाकिटावर 90, 95, 100 सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण ते कंबरेचं धरायचं की नितंबांचं? आईची कंबर 88, नितंब 102. कंबरेवरून घेतलेली मांडी घातल्यावर काचते, मोठी घेतली तर घसरते. मांडीवर थोडी खाली येणारी निकर बरी पडेल का? म्हणजे शिवण जांघेत घासणार नाही, असं मला वाटतं. इलॅस्टिक कापडात गुंडाळलेलं असेल तर उत्तमच.

नवी पेठेत किंवा आसपास, विकायला बाई असलेलं दुकान सांगा ना. पुरुषासमोर आई माप सांगत नाही, देतील ते घेऊन येते. बाहेर उन्हात वाळत घालायलाही लाजते, मोरीतच दमट राहतात. तुमच्या घरच्या मोठ्या बायकांना हे कसं पटवलंत?