टीवाय झूलॉजीनंतर एम.एस्सी. कशात आणि कुठून करू? ठाण्याच्या आसपासचे कोणी आहे का

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी, मी कळव्याला राहते, ठाण्यातल्या एका कॉलेजात टीवायबीएस्सी झूलॉजी चालू आहे, सेम ६. घरी रोज जेवताना एकच विषय, पुढे काय. बाबा म्हणतात बी.एड. कर आणि शाळेत लाग, काका म्हणतात एमबीए, आई काहीच म्हणत नाही फक्त शेजारच्या ताईचं कुठे जमलं ते सांगते. मला एम.एस्सी. करायचीय एवढं नक्की आहे पण कशात ते कळत नाहीये, झूलॉजीच पुढे न्यावी की लाईफ सायन्सेस की बायोटेक? जेनेटिक्स मला मनापासून आवडतं आणि पक्षी पण आवडतात, सगळे म्हणतात दोन्ही एकत्र होत नाही एक काहीतरी पकड.

दुसरं म्हणजे घराजवळच्या कॉलेजात घ्यावी की कलिनाला मुंबई विद्यापीठात जावं की एक वर्ष ड्रॉप घेऊन गॅट-बी, जॅम वगैरे एम.एस्सी. प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षा द्याव्यात? आणि खरंच सांगा, एम.एस्सी.ला बीएस्सीचंच परत जाड पुस्तकातून शिकवतात का? आमची एक सीनिअर तसंच म्हणाली. नोकरीचं पण खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

रबाळे_फास्ट

गोड बोलू नका म्हणालीस म्हणून सुरुवात माझ्यापासून. मी टीटीसी एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसी मायक्रोला, म्हणजे औषधांची जंतूंसाठी तपासणी करायला आहे. इथे सगळे तुला सांगतील की विषयाचं नाव महत्त्वाचं नाही, आवड महत्त्वाची. बरोबर आहे, पण एचआरला ते कोण सांगणार. जाहिरातीत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक लिहिलेलं असतं आणि झूलॉजी दिसलं की सीव्ही बाजूला जातो, मग तुला पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) येत असो नाहीतर नसो. कंपनीत जायचं असेल तर हे आत्ताच डोक्यात ठेव.

काम कसं असतं तर एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंगच्या म्हणजे खोलीतले जंतू तपासायच्या प्लेट ठेवा, पाण्याचं बायोबर्डन म्हणजे त्यात किती जंतू आहेत ते बघा, इंजेक्शनची बॅच असेल तर स्टरिलिटी टेस्ट लावा, ती १४ दिवस इन्क्युबेटरमध्ये बसते आणि तू रोज जाऊन बघायचं ढगाळ झालं का. आणि लिहायचं. प्रत्येक गोष्ट लिहायची, त्याच वेळी, पेनाने, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही-तारीख. जे लिहिलं नाही ते केलंच नाही असा हिशोब. ज्याला शोध लावायचेत त्याचा इथे जीव रमत नाही, ज्याला शिस्त आवडते त्याला हे काम छान आहे. मला आवडतं.

झूलॉजीवाल्यांसाठी एक गंमत, इंजेक्शनमध्ये एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं ताप आणणारं विष) आहे का ते बघायची एलएएल टेस्ट हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून बनलेल्या रिएजंटने करतात. आता त्याला रिकॉम्बिनंट, म्हणजे क्रॅबशिवाय लॅबमध्ये बनवलेले पर्याय आलेत, पण आमच्या फ्रीजमध्ये अजून क्रॅबवालंच आहे.

पिपेट_आणि_पोहे

मी नवी मुंबईत कॅन्सर बायोलॉजीत पीएच.डी. करतेय, एम.एस्सी. लाईफ सायन्सेस. आधी तुझ्या सीनिअरच्या प्रश्नाचं. सेम १ ला खरंच तसं वाटतं, सेल बायोलॉजी, बायोकेम, जेनेटिक्स, सगळं ओळखीचं. फरक नंतर कळतो. बीएस्सीला आपण लॅक ओपेरॉन (बॅक्टेरियातले लॅक्टोज पचवणारे जीन्स आणि त्यांचं बटण) पाठ करतो, लॅक्टोज आलं, ऑपरेटर नावाच्या जागेवर बसून जीन बंद ठेवणारा रिप्रेसर सुटला, जीन चालू, आकृती काढली, सहा मार्क. एम.एस्सी.ला विचारतात की हा म्युटंट (जीनमध्ये बदल झालेला बॅक्टेरिया) घे, याच्यात जीन कायमच चालू आहे, बिघाड ऑपरेटरमध्ये आहे की रिप्रेसरमध्ये, कसं ठरवशील? मग डोकं लावावं लागतं, की पेशीत चांगल्या जीनची दुसरी कॉपी टाकून बघू, रिप्रेसर बिघडलेला असेल तर बाहेरून आलेला चांगला रिप्रेसर जाऊन ऑपरेटरवर बसेल आणि जीन परत कंट्रोलमध्ये येईल, ऑपरेटरच बिघडला असेल तर काही फरक पडणार नाही कारण बसायला जागाच नाही. हे ज्या वर्गात होतं तिथे एम.एस्सी. होते, बाकी ठिकाणी तुझी सीनिअर म्हणते तेच. आणि हे कॉलेजच्या नावावरून कळत नाही, दुर्दैवाने.

मग कळतं कशावरून? माझं ठाम मत, डिझर्टेशन, म्हणजे स्वतः करायचा संशोधन प्रकल्प. आता एनईपीच्या (नवीन शिक्षण धोरणाच्या) पॅटर्नमध्ये पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्याला ओजेटी (बाहेर जाऊन प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) आणि दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट आहे. तू ज्या तीन-चार कॉलेजांचा विचार करतेयस तिथे जा आणि ऑफिसात नाही, एम.एस्सी. पार्ट टूच्या मुलांना कॅन्टीनला गाठ. विचार की प्रोजेक्ट काय केला, कोणाकडे, किती महिने, स्वतःच्या हाताने की कोणाच्या मागे उभं राहून. ओजेटीला कुठे गेलात की नुसतं सर्टिफिकेट आणलं. एका तासात सगळं कळेल, ब्रोशर वाचायची गरज नाही. काही डिपार्टमेंटमध्ये मुलं खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) डिझर्टेशनला जातात, काही ठिकाणी दहा जणांत एक प्रोजेक्ट आणि निष्कर्ष गेल्या वर्षीचाच.

परीक्षांचं. सीएसआयआर नेट, म्हणजे पीएच.डी.ची फेलोशिप आणि कॉलेजात शिकवायची पात्रता देणारी परीक्षा, लाईफ सायन्सेसची २०० मार्कांची, सिलॅबसचे १३ युनिट, बायोकेमपासून इकॉलॉजीपर्यंत सगळं. पार्ट ए मध्ये २० पैकी १५, पार्ट बी मध्ये ५० पैकी ३५ आणि पार्ट सी मध्ये ७५ पैकी २५ सोडवायचे. चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग जातो. पार्ट सी चा प्रश्न ४ मार्कांचा असतो आणि जवळजवळ सगळे वर लिहिलेल्या म्युटंटसारखेच, म्हणून घोकून पास झालेली मुलं तिथे अडकतात. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो. जेआरएफ (तीच फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं वेगळं, २०२३ पासून हा आकडा आहे. फक्त ते वेळेवर येतं असं समजून लोन काढू नकोस, एवढंच बोलते.

आणि सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवणं आवडेल असं वाटत असेल तर एक सांगून ठेवते, पेशींना रविवार कळत नाही. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन लॅबमध्ये येऊन मीडिया (पेशींचं खाद्य) बदलून गेलेली माणसं आहोत आम्ही.

रबाळे_फास्ट

कॅन्टीनवाला सल्ला एकदम मान्य. बाकी तुमच्या ३७ हजारासाठी आधी दोन वर्षं एम.एस्सी., मग नेट लागेपर्यंत बसायचं, मग पाच-सहा वर्षं पीएच.डी., हे पण तिला सांगा की. सगळ्यांच्या घरी तेवढं थांबता येत नाही.

पिपेट_आणि_पोहे

सांगितलं की. थांबता येत नसेल तर मायक्रो किंवा बायोटेक घे आणि कंपनीत जा, त्यात कमीपणा काय आहे. पण दोन वर्षांत हातात एक तरी टेक्निक पक्की पाहिजे हे दोन्हीकडे लागतंच. तुमच्या इंटरव्ह्यूला पण तेच विचारतात ना?

निवटी

पक्षी आणि जेनेटिक्स एकत्र होत नाही असं कोण म्हणालं त्याचा पत्ता दे मला.

अगं बाहेरून नर-मादी सारखेच दिसणारे कितीतरी पक्षी असतात, तिथे एका पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशीतून डीएनए काढून नर की मादी ठरवतात. पक्ष्यांत लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांचं माणसापेक्षा उलटं असतं माहितीये ना, नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू, तर दोन्ही गुणसूत्रांवर असलेल्या सीएचडी जीनचा तुकडा पीसीआरने वाढवला की झेडवरचा आणि डब्ल्यूवरचा वेगळ्या लांबीचा येतो, जेलवर (यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) एक पट्टा दिसला की नर, दोन दिसले की मादी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला बसेल असं काम आहे. डीएनए बारकोडिंग आहे, सीओआय जीनचा साधारण ६५० बेस पेअरचा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची, मासळी बाजारातले मासे घेऊन सुद्धा करता येतं. बिबट्याच्या विष्ठेतून डीएनए काढून कोणता बिबट्या कुठे फिरतो ते शोधतात आणि येऊरचं जंगल तर तुझ्या दारात आहे.

माझं स्वतःचं काम खाडीत आहे, चिखलातले किडे. बेंथॉस म्हणतात पण घरी चिखलातले किडेच सांगतो. तू कळव्याला राहतेस म्हणजे रोज ट्रेनमधून जी खाडी बघतेस, त्याच खाडीचा खालचा ऐरोली-वाशीकडचा भाग २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ ला रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). लोकांना फ्लेमिंगो दिसतात, पण ते येतात कशासाठी तर चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खायला, त्यामुळे चिखल समजल्याशिवाय फ्लेमिंगो समजत नाही. ओहोटीची वेळ बघून जायचं, चौकट टाकायची, आतला चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरलेले जीव फॉर्मॅलिनमध्ये, मग पुढचे दोन आठवडे मायक्रोस्कोपखाली मान मोडायची. तिवरांच्या मुळांत गमबूट अडकून बसला की भरती कोणासाठी थांबत नाही, म्हणून एकटं कधीच जायचं नाही. आणि परवानगी आधी काढायची, अभयारण्य आहे, कॉलेजचं पत्र घेऊन वनखात्याकडे जा, वेळ लागतो, म्हणून प्रोजेक्ट सुरू व्हायच्या बऱ्याच आधी अर्ज कर. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे एकदा जाऊन ये, बोटीतून फ्लेमिंगो पण दाखवतात हंगामात.

पैशाचं म्हणशील तर इकॉलॉजीत नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, पर्यावरण सल्लागार कंपन्या घेतात पण रिपोर्ट कधीकधी असे लिहून मागतात की वाचून लाज वाटावी. तरी मी सोडलं नाहीये.

एक सगळ्यांनी विसरलेली गोष्ट, स्टॅटिस्टिक्स. आपल्याकडे बारावीला बायो घेणारी निम्मी मुलं मॅथ्सपासून पळालेली असतात आणि एम.एस्सी.ला ते बरोबर गाठतं. आर नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिक आत्तापासून, फुकट आहे, लॅपटॉप साधा असला तरी चालतो. सँपल किती घ्यायचे ते चिखलात उतरायच्या आधी ठरवावं लागतं, नंतर कोणतीही टेस्ट लावून उपयोग नाही.

माजी_विभागप्रमुख

मी कॉलेजात झूलॉजी शिकवून निवृत्त झालो. मुली, तुझ्या बाबांचं आणि तुझं भांडण खरं तर नाहीच आहे. नुसत्या बीएस्सी-बी.एड.वर माध्यमिक शाळेपर्यंत. ज्युनियर कॉलेजला अकरावी-बारावी शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं. सीनिअर कॉलेजला एम.एस्सी.वर नेट किंवा सेट, सेट आपल्या राज्याची आहे, पुणे विद्यापीठ घेतं. म्हणजे बाबांना सांग की आधी एम.एस्सी. करते, बी.एड.चा रस्ता बंद होत नाही. मात्र अनुदानित जागा किती निघतात ते सगळ्यांना माहीत आहे, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे माझे विद्यार्थी आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि आई बेडूक कापण्याबद्दल काही म्हणत असेल तर सांग, पदवी-पदव्युत्तरचं डिसेक्शन यूजीसीने कधीच बंद केलं.

ड्रॉपबद्दल. गॅट-बी आणि जॅम बायोटेक दोन्हीत बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स येतं. ज्यांनी बारावीनंतर मॅथ्सला हात लावला नाही त्यांचं तिथे अवघड होतं. आधी मागच्या वर्षाचा पेपर घड्याळ लावून घरी सोडव आणि मग ठरव. दोन्हीचा फॉर्म टीवायला असतानाच भरता येतो, त्यामुळे ड्रॉप न घेता पहिला प्रयत्न करणं शहाणपणाचं. केवळ मुंबई विद्यापीठातून बाहेर पडायचं म्हणून एक वर्ष घरी बसू नये, घरी बसलेला मुलगा तीन महिने अभ्यास करतो आणि नऊ महिने नातेवाइकांना उत्तरं देतो.

फीचं आधी विचार. एकाच कॉलेजात एक एम.एस्सी. अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते, फीमध्ये खूप फरक पडतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती बसते का तेही प्रवेशाच्या आधी बघायचं, नंतर नाही.

खाडीपलीकडची

बापरे, एवढं सगळं. सर, बाबांना तुमचा रिप्लाय तसाच वाचून दाखवला, ते म्हणाले हे गृहस्थ बरोबर बोलतायत. म्हणजे मी तेच सहा महिने बोलतेय त्याचं काही नाही.

सीएचडी जीनचं मी काल रात्री वाचत बसले, दोन वाजले. जॅमचा जुना पेपर सोडवला, बायोचं बरं आलं, मॅथ्सबद्दल बोलायला नको. तर सध्या मनात असं आहे की झूलॉजी किंवा लाईफ सायन्सेस, ड्रॉप नाही, आणि जिथे मॉलिक्युलर लॅब खरंच वापरात आहे तिथे. दोन कॉलेजांच्या कॅन्टीनला जाऊन आले, एका ठिकाणी पार्ट टूची मुलगी म्हणाली पीसीआर मशिन आहे पण कव्हर काढलेलं बघितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलांनी मला लॅबमध्येच नेलं.

आता दोन प्रश्न. कळव्याहून कलिना रोज झेपतं का? आणि उन्हाळ्यात कुठे महिना-दोन महिने काम करायला मिळावं म्हणून सरांना-मॅडमना मेल करायचा तर काय लिहू, मला काहीच येत नाही अजून.

पिपेट_आणि_पोहे

झेपतं, कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा शेअर रिक्षा, सकाळी कळव्याला स्लोमध्ये चढायचं धाडस लागतं ते तुला आहेच. प्रॅक्टिकल लांबलं की परत यायला उशीर होतो, घरी आधीच सांगून ठेव. खारघरला डिझर्टेशन मिळालं तर ठाण्याहून पनवेल लोकल थेट आहे, बसायला पण मिळतं कधीकधी.

मेलचं, "आदरणीय सर, मला संशोधनाची आवड आहे" असे मेल रोज येतात, ते कोणी वाचत नाही. त्यांचा एक पेपर उघड, सगळा नाही कळला तरी चालेल, एक आकृती नीट समजून घे आणि तिच्याबद्दल दोन ओळी लिही, मला हे कळलं आणि इथे प्रश्न पडला. मग काय येतं ते खरं लिही, मायक्रोपिपेट धरता येते, जेल चालवलाय, आर शिकतेय. कोणत्या तारखेपासून किती दिवस येऊ शकतेस. एवढंच, एक पानाचा सीव्ही जोड. विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप पण आहे, दोन महिन्यांची, तिचा फॉर्म आदल्या वर्षाच्या शेवटी निघतो, म्हणजे तुला पुढच्या उन्हाळ्यासाठी.

निवटी

आणि एकाच मेलमध्ये वीस जणांना टाकू नकोस, वरती सगळ्यांचे पत्ते दिसतात. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली एकदा आठवण कर. मे महिन्यात आमच्याकडे चिखल धुवायला माणसं लागतातच, गमबुटाचा नंबर कळव.