‘सहावा काळ’ ही प्रेमकथा नाही

शाईचा डाग:
काल गोदाकाठ यांनी माझ्या ‘सहावा काळ’ या कथेवर लिहिलेलं वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कृष्णाशी बोलून कर्ण घरी येतो, बायकोला, वृषालीला सगळं सांगतो, कुंतीचं, राज्याचं, पांडवांच्या थोरलेपणाचं. फक्त ‘सहाव्या काळी द्रौपदी तुझ्याकडे येईल’ हे कृष्णाचं वाक्य गाळतो, म्हणजे पाच पांडवांनंतर सहावी पाळी त्याची, हे. म्हणजे त्याचं तिच्यावर प्रेम होतं, ही कर्ण-द्रौपदीची जोडी जुळवणारी, ‘शिप’ करणारीच फॅनफिक आहे आणि लेखिकेला ते उघड लिहायचं धाडस झालं नाही.

अहो, तो गाळतो ते लाजेने. भरसभेत जिला बंधकी, म्हणजे कुलटा, म्हणाला, जिची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगितलं, तीच आता त्याच्यापुढे आमिष म्हणून धरली जातेय. बायकोला हे कुठल्या तोंडाने सांगेल? उद्योगपर्वात तो कृष्णाला म्हणतो की, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्याने आज जळतोय. पांडवांना! द्रौपदीचं नाव तिथे नाही. त्या न घेतलेल्या नावावर मी तीन महिने बसले होते. त्याचं कुणी दोन ओळींत प्रेमप्रकरण केलं तर राग येतो.

गोदाकाठ:
राग समजला, मत बदललं नाही. तुमच्याच ओळी बघा. ‘वृषालीने दिवा जवळ आणला तशी त्याने कूस बदलली.’ लाजलेला माणूस मान खाली घालतो, कूस बदलणारा काहीतरी जपत असतो. आणि त्या खोलीत समिधांच्या धुराचा वास कुठून आला? यज्ञकुंडातून जन्मलेली कोण? हे मी माझ्या घरून आणलेलं नाही, तुम्ही लिहिलंय. जांभूळ आख्यान ऐकलेल्या माणसाला तर सांगावंही लागत नाही की द्रौपदीच्या मनातला सहावा कोण. विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर उभं केलं तेव्हा कुणी व्यासांची परवानगी मागितली नव्हती. तुम्हीही मागितली नाहीत. मग मी तुमची का मागू?

शाईचा डाग:
जांभूळ आख्यान द्रौपदीच्या मनाचं आहे. माझी कथा कर्णाच्या. तिच्या मनात तो होता म्हणून त्याच्याही मनात ती, हे कुठलं गणित?

भूर्जपत्र:
मुळात वृषालीच व्यासांची नाही. स्त्रीपर्वात गांधारी कर्णाची रडणारी बायको दाखवते, ती वृषसेनाची आई म्हणून. ‘वृषाली’ आपल्या डोक्यात बसली ती १९६७च्या ‘मृत्युंजय’मुळे. तेच स्वयंवरात द्रौपदीच्या तोंडी असलेल्या ‘मी सूताला वरणार नाही’ या वाक्याचं. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्या मुख्य पाठात ते वाक्य नाही. उलट स्वयंवरातले ब्राह्मण म्हणतात की, कर्ण-शल्यासारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही ते हा पोरगा काय वाकवणार. म्हणजे तिने नाकारलं नाही, त्यालाच जमलं नाही. गाळलेल्या वाक्यांवर भांडायच्या आधी असलेली वाक्यं तरी नीट वाचा.

उसाचा फड:
भूर्जपत्र, नीलकंठी पाठात, म्हणजे नीलकंठाच्या टीकेबरोबर चालत आलेल्या प्रचलित पाठात, ते वाक्य आहे आणि आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच ऐकलं गेलं. कॉलेजच्या गॅदरिंगला मी कर्ण केला होता. ‘सूतपुत्र’ म्हटल्यावर माझ्या वस्तीतली पोरं मागच्या रांगेत उठून उभी राहिली. वर्षभर तीच शिवी वेगळ्या शब्दांत आम्ही हॉस्टेलच्या मेसमध्ये खात होतो. तुम्ही ते वाक्य तळटीपेत ढकलता तेव्हा आमचा अपमानही तिथेच ढकलता. पुस्तकातल्या लोकांना हे कळायचं नाही.

भूर्जपत्र:
पुस्तकातले लोक म्हणू नका. अपमान कुठेही गेलेला नाही. शस्त्रस्पर्धेत कृप त्याला कुळ विचारतो, भीम म्हणतो तुला शोभेल असा चाबूक हातात घे, हे सगळं चिकित्सक आवृत्तीत जसंच्या तसं आहे. फक्त ते पुरुषांच्या तोंडचं आहे. ते एक वाक्य आत असलं की लोक काय म्हणतात माहितीये? तिने स्वयंवरात तोंड उघडलं म्हणून सभेत तिच्यावर ती वेळ आली. माझ्या बहिणीने एक स्थळ नाकारलं तेव्हा त्या मुलाच्या मामाने आमच्या ओसरीवर बसून द्रौपदीचा हाच दाखला दिला होता. तेव्हापासून मला ते वाक्य सहन होत नाही.

उसाचा फड:
चाबकाचं मान्य. तेवढंच मान्य. ओसरीवरच्या मामाचा हिशेब त्याच्याशी करा, वाक्याशी नको.

लिंबोणी:
अवांतर आहे, पण लिहितेच. तुम्ही अर्थावर भांडताय, माझी ‘उत्तरा’ ही कथा गेले वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर बिननावाची फिरतेय. शेवटचा परिच्छेद कापून खाली सुविचार जोडलाय. माझ्याच आत्याने मला ती ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवली. अर्थ कुणाचा हे नंतर ठरवा, आधी लेखिकेचं नाव तरी राहू द्या.

शाईचा डाग:
लिंबोणी, याचा वेगळा धागा काढा, मी येते. मला उत्तर हवंय ते गोदाकाठ यांच्याकडून. सभेतला तो शब्द तुमच्या प्रेमात कुठे बसतो?

गोदाकाठ:
बसत नाही. म्हणून तर तो बोलू शकत नाही. लाज आणि ओढ एका माणसात एकत्र नसतात असं तुम्हाला वाटतं का?

दुसरी आई:
मी दत्तक आहे. तेविसाव्या वर्षी कळलं. म्हणून सांगते, तुम्ही दोघी चुकीच्या बाईवर भांडताय. कृष्णाला कर्ण उत्तर काय देतो? मला पाहताच राधेला, मला वाढवणाऱ्या आईला, पान्हा फुटला, तिने माझी घाण काढली, तिच्या नवऱ्याने, अधिरथाने जातकर्म केलं, तिला मी कसा सोडू? राज्याला आणि द्रौपदीला नकार आहे तो या एका बाईपायी. जन्मदात्या बाईचा पत्ता माझ्या हातात दिला गेला तेव्हा मी आईला त्यातलं अर्धंच सांगितलं. लाज नव्हती, ओढही नव्हती. तिने ‘मग जाणार का?’ असं विचारू नये, एवढंच होतं. कर्ण घरी येऊन गाळतो ते मी याच कारणाने वाचलं. कथेत राधा दारातून एकदा पाणी ठेवून जाते. तिथे मी थांबले होते.

गोदाकाठ:
हे मला दिसलं नव्हतं. प्रेमाचा मुद्दा मी सोडत नाही, पण त्या पाण्याच्या ओळीशी परत जाऊन येते.

शाईचा डाग:
राधेची ती ओळ मी शेवटच्या खर्ड्यात घातली, खोली फार रिकामी वाटत होती म्हणून. समिधांचा धूर कुठून आला ते अजून आठवत नाही. गोदाकाठ, ‘धाडस झालं नाही’ हे तुमचं वाक्य मात्र परत घ्या.

गोदाकाठ:
ते घेतलं. धूर ठेवा.