मदत हवी आहे : जपानसारखा तीनचा बचाव मुलांना कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. नेरूळला शनिवार-रविवार मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. सध्या आम्ही 2022 च्या वर्ल्ड कपमधली जपान-जर्मनी मॅच तुकड्यातुकड्यांनी बघतोय.

पहिल्या हाफमध्ये मागे चार बचावपटू ठेवून जपानची नुसती दमछाक झाली. जर्मनीच्या गुंडोआनची पेनल्टी, 1-0. मध्यंतरात जपानचे प्रशिक्षक मोरियासूंनी कुबोला काढून तोमियासूला आणलं आणि मागे तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) केले. आता जर्मनीच्या पुढच्या खेळाडूंना एकास एक माणसं जोडता आली, त्यामुळे विंगबॅक (दोन्ही कडांना वर-खाली धावणारे खेळाडू) बिनधास्त वर जाऊन प्रेस करू लागले, म्हणजे चेंडूवाल्यावर दबाव टाकू लागले. नंतर डाव्या बाजूला मितोमा आला, तो तर मुळातला विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा. बचावात माणूस वाढवला आणि संघ जास्त आक्रमक झाला! दोआनचा गोल 75व्या मिनिटाला, असानोचा 83व्या. जपान 2-1.

आमच्याकडे मात्र विंगबॅक मागे येतात ते मागेच राहतात. पाच जण एका रेषेत आणि बॉक्सच्या तोंडाशी मोकळं रान. ओरडलं की दोघं एकदमच वर पळतात.

विंगबॅकने वर जायची खूण कोणती धरायची? समोरच्या फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) पास सुटला की लगेच, की त्याने आपल्याकडे पाठ करून चेंडू घेतला तर? आणि अर्ध्या मैदानात, बारा मुलांत करता येईल असा सराव कुणी घेतला आहे का?

त्याच वर्ल्ड कपमध्ये स्पेनला हरवताना जपानकडे चेंडू जेमतेम 18 टक्के वेळ होता, पण तो धडा मला या वयात द्यायचा नाही. मुलांना चेंडू हवा असतो. पुढच्या महिन्यात वाशीला सामने आहेत, लवकर कळवलंत तर फार बरं होईल.