मदत हवी आहे : कोरिया समितीचा परळचा नकाशा

1996 साली राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीकडे मुंबईच्या गिरणी जमिनींचा आराखडा करण्याचं काम सोपवलं. त्यात परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनांना जोडणारा, पादचाऱ्यांसाठीचा मोठा चौक सुचवला होता. तो झाला असता तर 2017 ची तिथल्या रेल्वे पादचारी पुलावरची चेंगराचेंगरी टळली असती का, यावर लिहितोय. पण नकाशा न बघता लिहायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. कात्रणं, नेटवरचे लेख चाळून झाले; सगळीकडे चौकाचं कौतुक, मापं कुठेच नाहीत. मुंबईची 1991 ची विकास नियंत्रण नियमावली आणि तिच्यातली गिरणी जमिनींबाबतची 2001 ची दुरुस्ती माहीत आहे, ती नको. कोरियांचा संग्रह लंडनला आहे, तिथे जाणं परवडणारं नाही. जिने आणि चौकाची रुंदी दिसेल असा नकाशा असलेली अहवालाची छापील प्रत मुंबई-पुण्यात कुठे बसून बघता येईल?