मदत हवी आहे: सिंगापूरला पाठवायचा आगरी मसाला खसखशीशिवाय कसा करू?

नमस्कार मंडळी. लेक आणि जावई नोकरीसाठी सिंगापूरला गेलेत. माझा भाचा जूनमध्ये तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर घरचा मसाला द्यायचा आहे. आम्ही घणसोलीचे, वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच करतो. तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून बेडगी, काश्मिरी आणि संकेश्वरी आणली, देठं काढली, कडक उन्हं दिली. आता सगळं अडलंय खसखशीवर.

आमच्याकडे किलोभर मिरचीला पाव किलो धणे आणि पन्नास ग्रॅम खसखस पडते. शिवाय जिरं, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, बाद्यान, दगडफूल, नागकेशर, हळकुंड, हिंग असं सगळं वेगवेगळं भाजून. कालवणाला जो दाटपणा येतो त्यात खसखशीचा मोठा वाटा असतो. पण सिंगापुरात खसखस चालत नाही. ती अफूच्या बोंडातलं बी, बोंडाचा चीक बियांना लागलेला राहतो आणि त्यातून मॉर्फीनचा अंश येतो. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकवतात आणि खसखस कुठल्याही किराणा दुकानात मिळते, त्यामुळे कुणाच्या मनातही येत नाही. तिथे मात्र अमली पदार्थांच्या कायद्याखाली ती आणायला बंदी आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सौदीतही तसंच आहे. त्यामुळे दुबईला मुलाबाळांकडे मसाला, अनारसे किंवा खसखस लावलेले लाडू नेणाऱ्यांनीही आधी डबे बघून घ्या, कळकळीने सांगते. पोराच्या सामानात असली गोष्ट सापडली तर आपण इथे बसून काय करणार?

तर माझे प्रश्न. खसखशीऐवजी काय घालू? भाजलेले तीळ सुचतात, पण तिळाला तेल सुटतं आणि तिथल्या दमट हवेत मसाला लवकर खवट होईल अशी भीती वाटते. मगज बी कुणी वापरून पाहिलं आहे का? दुसरं, आमच्या गिरणीत या दिवसांत सकाळपासून मसाल्यांची रांग असते आणि बहुतेकांच्या मसाल्यात खसखस असतेच. आधीच्या घाण्याचं थोडंफार आपल्यात मिसळणारच. कुणी अशा वेळी काय केलंय?

खोबरं मी मुळातच घालणार नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात नेऊ देत नाहीत, तेल जास्त असल्यामुळे ते आपोआप तापणाऱ्या मालात धरतात. दळून मसाल्यात घातलं तरी ते टिकत नाहीच. तिथे ओला नारळ हवा तेवढा मिळतो, ती वाटण ताजं करील.

तिथे सगळंच मिळतं, कशाला पाठवता, असं कुणी म्हणेल म्हणून सांगते. सेरंगून रोडवर, लिटिल इंडियात तमिळ मंडळींची दुकानं आहेत. कढीपत्ता, चिंच, गूळ, हिंग सगळं मिळतं. दगडफूलसुद्धा मिळतं, चेट्टिनाड स्वयंपाकात ते लागतं, दुकानात कल्पासी म्हणून मागायचं. आमसुलाची सोय मलय बाजारात होते: आसाम केपिंग नावाच्या वाळवलेल्या आंबट चकत्या असतात, ते झाड आपल्या कोकमाच्याच जातकुळीतलं. आणि जिताडा! तो तर तिथे समुद्रात पिंजऱ्यात पाळतात, सियाकप म्हणून मिळतो. लेकीने फोटो पाठवला तेव्हा इथे घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला. मासा आपला, नारळ आपला, फक्त मसाला नाही. बाजारची फिश करीची पाकिटं तिने आणून पाहिली. बडीशेप आणि मेथी पुढे येते, कालवण पिवळट होतं आणि जिताड्याची चव मरते. म्हणून हा खटाटोप.

भर: उत्तरांबद्दल मनापासून आभार. ठरलं ते असं. गिरणी नको, लेकीचा मसाला घरीच मिक्सरवर थोडा थोडा करून मैद्याच्या चाळणीने चाळणार. भांडं नवीन घेतलं आहे, कारण जुन्यात वर्षानुवर्षं खसखस वाटली आहे. तिळाऐवजी मसाला साधाच ठेवायचा आणि दाटपणासाठी तिने कालवण करताना ओल्या खोबऱ्याच्या वाटणात दोन काजू घालायचे, ही एका ताईंची सूचना मला सगळ्यांत पटली. डब्यात हिंगाचा खडा ठेवणार. पाकिटावर सगळे जिन्नस इंग्रजीत लिहून चिकटवणार आणि तिखट असल्यामुळे मसाला केबिन बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात जाईल.

एक राहिलंच. घरच्या सीलिंग मशीनने बंद केलेली प्लास्टिकची पिशवी पुरते का, की आतून चंदेरी असलेली जाड पिशवी घ्यावी? ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा वाशीत अशा पिशव्या सुट्या, दहा-वीस नग कुठे मिळतील ते कुणी सांगितलं तर या आठवड्यातच आणेन.