जुन्या बाजारातले जुने आणि हातचे कपडे: तुमचे अनुभव लिहा

उसवण
काल कपाट आवरताना करडा लोकरीचा कोट उन्हात टाकायला काढला. सहज अंगात घालून बघू म्हटलं तर डावा हात बाहेर यायलाच तयार नाही, बाही आणि अस्तराच्या मधेच कुठंतरी शिरला. काखेपाशी अस्तर उसवलं होतं. शिवायला म्हणून कोट उलटा केला तर तिथं आधीच शिवल्याच्या तीन खुणा! एक काळा दोरा, एक तपकिरी, एक चक्क लाल. मी काही हे शिवलेलं नाही. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी तीनदा, किंवा तिघांनी एकेकदा, नेमकं इथंच शिवलंय. मी सुई हातात घेऊन बसूनच राहिले जरा वेळ.

हा कोट कॉलेजात असताना जुन्या बाजारातून घेतलेला, जमिनीवर चादर अंथरून ढीग लावलेला असतो ना तसल्या ठिकाणी. मी कॉलर वर करून स्टाइल मारत होते, तर विकणाऱ्या मावशींनी कोट माझ्या अंगातून काढून घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "सुलट काय सगळेच बघतात गं." मग शिवणी उघडून दाखवल्या. आत बोटभर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलेली. तेव्हा मला त्याचं काही कौतुक नव्हतं, पण पुढे अंग सुटलं तेव्हा दोन्ही बाजूंची माया सोडवून तोच कोट परत अंगात आला. आत्ताच्या तयार कपड्यात शिवणीला लागून इंटरलॉक मारून कापलेलं असतं, सोडवायचं काय, कप्पाळ!

तर लिहा. काय घेतलंत, काय फसलात, काय अजून वापरताय.

मोरपीस
मला आधी कसंतरीच व्हायचं, दुसऱ्याचा घाम वगैरे. मग एक हातविणीचा स्वेटर दिसला आणि सगळं तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवलं 😄 मशीन थांबलंय, कपडे वाळत घालून येते मग लिहिते

धावदोरा
उसवण, तुमच्या मावशी पक्क्या होत्या. माझी पद्धत सांगते, घाईत आहे त्यामुळे जसं आठवेल तसं. कपडा आधी उजेडासमोर धरायचा, कसरीची (कपडे खाणारी कीड) भोकं तशीच दिसतात, नुसतं पसरून बघितलं तर दिसत नाहीत. मग काखा, कॉलरची आतली घडी आणि बसायची जागा, कापड तिथंच आधी विरतं. चेन दोनदा खाली-वर करायची. धातूची चेन असेल तर कपडा जुना असायची शक्यता जास्त, कारण साधारण 1960च्या दशकापासून नायलॉनच्या चेनी सर्रास यायला लागल्या, पण जीन्सला अजून धातूचीच लावतात तेव्हा एवढ्या एका खुणेवर उड्या मारू नका. बटण गालाला लावून बघा, शिंपल्याचं असेल तर गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. आणि साइजचा आकडा वाचूच नका, जुने आकडे आणि आत्ताचे आकडे यांचा काही संबंध नाही. आपल्याला नीट बसणारा एक शर्ट घरी मोजून ठेवायचा आणि पर्समध्ये टेप.

फटफटी
जीन्सवरून आठवलं. लिव्हाइसच्या मागच्या खिशावर लाल पट्टी असते ना, त्यावरच्या नावातला ई 1971पर्यंत मोठ्या लिपीतला होता, नंतर छोटा केला. हे मी कुठंतरी वाचलेलं, त्यामुळे ढिगात मोठा ई दिसला आणि माझे हात थरथरायला लागले अक्षरशः. चेहरा अगदी निर्विकार ठेवून घासाघीस केली, विकणाऱ्या काकांना काय कळतंय असा माज. घरी येऊन बघतो तर आत धुण्याच्या सूचनांची ही एवढी लांब छापील पट्टी 😭 जुन्या पद्धतीची नव्याने काढलेली निघाली. काकांना सगळं कळत होतं बहुतेक.
बसते मात्र झकास.

उसवण
@फटफटी काका घरी जाऊन हसले असतील 😂

पावसाळीढग
मी रेयॉनचा फ्रॉक आणला होता, छोट्या छोट्या फुलांचा, गुडघ्यापर्यंत. धुतला आणि ओलाच हँगरला टांगला. रेयॉन ओलं झालं की दमच नसतो त्यात, आणि वर पाण्याचं वजन. सकाळी बघते तर फ्रॉक घोट्यापर्यंत!! आणि एका बाजूला जास्त. मी पण म्हटलं राहू दे, लोकांना फॅशन वाटली

मोरपीस
आले. तर तो स्वेटर. मी तो गरम पाण्यात धुतला. एवढंच सांगते. आता तो बहिणीच्या बाळाला होतो.

धावदोरा
अगं!! लोकर गरम पाण्यात चोळली की तंतू गुंतून तिचा घट्ट नमदाच होतो, परत सुटत नाही. गार पाणी, चोळायचं नाही, पिळायचं नाही, आडवा पसरून वाळवायचा.

मोरपीस
हो गं ताई आता माहितीये 🙏 बाळ गोड दिसतं पण

सुईवाली
मी पलीकडच्या बाजूने लिहिते, म्हणजे टेबल लावून बसणारी. हातविणीचे मफलर, टोप्या, कधी भरतकामाच्या पिशव्या. लोक येतात, हातात घेतात, "किती सुंदर" म्हणतात आणि मग "मी पण करू शकेन हे" म्हणून ठेवून जातात. करा ना बाई, कोण नको म्हणतंय. एकदा एक आजी आल्या. त्यांनी टोपी सरळ उलटीच केली, आतल्या गाठी बघितल्या, एक टाका सुटलेला होता तो मला बोटाने दाखवला, आणि तीच घेतली. दुसरी चांगली देते म्हटलं तर नको म्हणाल्या. त्या दिवशी बाकी काही खपलं नाही तरी मी गाणं म्हणत घरी आले. आणि हो, भरतकाम घेताना पण मागची बाजू बघा. हाताचं असेल तर गाठी आणि एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेले दोरे दिसतात, कुठं दाट कुठं विरळ. मागून सगळं एकसारखं आणि पातळ कापड चिकटवलेलं असेल तर शक्यतो मशीन.

कोपरा
वासाचं काय करता लोक? डांबरगोळीचा वास जाता जात नाही, तीन धुणी झाली

धावदोरा
धुऊन नाही जात तो. सावलीत वाऱ्यावर टांगून ठेव, आठवडाभर तरी, धीर धर. नाटकवाले रोज न धुता येणाऱ्या पोशाखांवर व्होडका पाण्यात मिसळून फवारतात, घामाच्या वासाला चालते, डांबरगोळीपुढे तिचं काही चालेल असं वाटत नाही.

फटफटी
कपड्यावर? अरेरे

कोपरा
दोन फवारे कोटाला एक मला

पावसाळीढग
आमच्याकडे कसरीची भीती म्हणून नवीन आणलेली लोकरीची वस्तू पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये जाते. सासूबाईंनी एकदा पाहुण्यांसमोर उघडून "हे काय?" विचारलं. शाल होती.

जुनीवही
मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. मी घेतलेल्या एका पुरुषी जॅकेटच्या आतल्या खिशात यादी सापडली होती, पेन्सिलनं लिहिलेली. बल्ब. छत्री दुरुस्त. फोन कर. पहिल्या दोनावर काट मारलेली आहे. मी ती परत त्याच खिशात ठेवली, धुवायच्या आधी काढते आणि नंतर परत ठेवते, आता सहा वर्षं झाली.

मोरपीस
आई गं

सुईवाली
❤️

फटफटी
कुणाला करायचा असेल

उसवण
जुनीवही, लिहीत जा गं.
माझं शिवून झालं. दोरा शोधायला उठायचा कंटाळा आला, सुईत निळा होता तोच वापरला. आता काळा, तपकिरी, लाल, निळा. काखेत कोण बघतंय.

धावदोरा
पुढचा बघेल की

कोपरा
विषय निघालाच आहे तर, जुन्या स्कर्टची धातूची चेन मधेच अडकलीय, ना वर ना खाली. आणि उद्या घालायचाय.

सुईवाली
शिसपेन्सिल घास दातांवर दोन्ही बाजूंनी, मग हळू हळू ओढ. जोर करू नको, कापड फाटेल.

कोपरा
चालली!! हात काळे झाले. स्कर्ट पण थोडा.